बागवेड्यांच्या तऱ्हा: आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडच्या

मातीगंध (टिळकवाडी)

बागेचं वेड लागलेला माणूस रस्त्यावरसुद्धा ओळखू येतो. प्रत्येक कंपाऊंडपाशी त्याची चाल मंदावते, मान आपोआप उंचावते, आणि कुणाच्या अंगणात अनंत फुललेला दिसला तर ओळखपाळख नसताना तो गेट वाजवतो. पाहुणा म्हणून आला तर पाण्याचा पेला हातात घेऊन आधी मागच्या दारी जातो, मग सोप्यात येऊन बसतो. त्याच्या खिशात नाहीतर पर्समध्ये कागदाच्या पुड्या असतात. कुठल्या पुडीत कसलं बी आहे ते फक्त त्यालाच ठाऊक.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर टिळकवाडीतलं, आणि दोन्हीकडे ही माणसं भरपूर. त्यांच्या सवयी मी लहानपणापासून बघत आले आहे. घरातली बाकीची मंडळी या सवयींना 'खूळ' म्हणतात. मला मात्र त्या जपून लिहून ठेवाव्यात असं फार वाटतं, कारण बहुतेक खुळाच्या मुळाशी त्या झाडाबद्दलची आणि आपल्या मातीबद्दलची नेमकी माहिती असते.

सुरुवात माझ्या आईच्या मोगऱ्यापासून करते. संक्रांत झाली की ती मोगऱ्याचं पाणी तोडते. तोडते म्हणजे अगदी थेंबसुद्धा नाही. हात धुतलेलं पाणी चुकून तिकडे जाऊ नये म्हणून मोरीच्या दारात मोगऱ्याच्या बाजूला पाट उभा करून ठेवलेला असतो. नातवंडांना सक्त ताकीद असते. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, येणारी-जाणारी हळहळते, पण आई ढिम्म हलत नाही. मग एक दिवस ती राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढते, काटक्या निम्म्यावर छाटते, बुंध्याची माती खुरप्याने सैल करून मुळांना दोन दिवस ऊन दाखवते, आणि त्यानंतर कुजलेलं शेणखत घालून पोटभर पाणी देते. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यावर. ताण दिला की सगळे फुटवे एकदम निघतात आणि चैत्र-वैशाखात झाड कळ्यांनी भरून जातं. आईने हे कुठे वाचलेलं नाही, तिच्या आजेसासूने केलेलं तिने पाहिलंय.

आपल्या बेळगाव जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला कणकुंबीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला अथणीकडे पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. खानापूर-जांबोटीकडे तांबडी माती, गोकाक-अथणीकडे काळी. त्यामुळे बागवेड्यांच्या तऱ्हाही गावागणिक बदलतात. तुम्हीही आपापल्याकडच्या तऱ्हा इथे लिहा, आणि लिहाल तेव्हा झाड कुठलं, गाव कुठलं आणि माती कसली, हे जरूर लिहा.

गच्चीवरची (शहापूर)

धाग्यासाठी मनापासून आभार ताई. किती दिवसांनी असा विषय!

आमच्या सासूबाईंची तऱ्हा सांगते. मनीप्लांट चोरूनच आणावं लागतं यावर त्यांचा पक्का विश्वास. पण त्या दुसरं कुठलंही झाड चोरत नाहीत, देवासाठी म्हणून फूल मागतात. "काय ओ, तेवढं एक जास्वंदीचं द्या की पूजेला." समोरचं माणूस नाही कसं म्हणणार? फक्त त्या फूल खुडत नाहीत, फूल असलेली फांदी घेतात, जाडी पेन्सिलीएवढी आणि खाली तीन-चार डोळे असलेली. फूल देवाला वाहतात आणि फांदी त्याच दिवशी मातीत. आमच्या गल्लीत सहा रंगांच्या जास्वंदी आहेत, त्या सगळ्या अशाच देवाच्या निमित्ताने घरोघर फिरल्या. देणाऱ्या घरातलं झाड मेलं तर त्यांच्याकडे आमच्याकडून फांदी जाते, असंही झालेलं आहे.

कोल्हापूरला नणंदेकडे जाऊन आल्या की बसमधून उतरताना हातातली पिशवी त्या आम्हाला घेऊ देत नाहीत. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या असतात. फडकं सुकू नये म्हणून संकेश्वरला गाडी थांबली की बाटलीतलं पाणी शिंपडतात.

जांबोटीकर

आमच्याकडे पावसाळा आला की घरातली मोठी माणसं रात्री जेवून, डोक्यावर खोळ घेऊन, बॅटरी आणि मिठाच्या पाण्याची बादली हातात धरून परसात फिरतात. नवीन पाहुण्याला वाटतं, काहीतरी हरवलंय. हे गोगलगायी वेचणं असतं. दिवसा त्या पालापाचोळ्याखाली, दगडाच्या सांदीत बसतात, रात्री ओल्यात बाहेर पडतात आणि शेवंतीची, झेंडूची कोवळी रोपं सकाळपर्यंत बुंध्याशी साफ करतात. यातल्या मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगायी आपल्याकडच्या मूळच्या नव्हेत. १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्याला आणलेल्या या जातीचं बस्तान नंतर देशभर बसलं.

एक विनंती सगळ्यांना. वेचताना हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. या गोगलगायींच्या अंगात माणसाच्या मेंदूला इजा करणारा कृमी असू शकतो. पोरांना उघड्या हाताने वेचायला लावू नका, आणि पावसाळ्यात परसातला पाला कच्चा खायचा असेल तर नीट चोळून धुवा.

दुसरी तऱ्हा आमच्या अण्णांची. मृग लागायच्या आत त्यांना सगळ्या कुंड्या पागोळीखालून हललेल्या पाहिजेत. कौलावरून पडणारी धार कुंडीतली माती उसळून काढते, मुळं उघडी पडतात. गुलाबाच्या कुंड्या पडवीत येतात, आणि आम्ही माणसं चपला काढायला जागा शोधत उभी राहतो.

काळीमाती (अथणी)

गोगलगायी वेचायला पाऊस तर पडायला हवा ना जांबोटीकर! आमच्याकडची तऱ्हा वेगळी आहे. आम्ही माती आणतो.

माझे यजमान बेळगावला कोर्टाच्या कामाला जावोत, खानापूरला लग्नाला जावोत, परत येताना गाडीच्या डिकीत तांबड्या मातीचं पोतं असणार म्हणजे असणार. दवाखान्यात माणूस भेटायला गेले तरीसुद्धा. आमची काळी माती शेताला सोनं आहे, कुंडीला मात्र त्रास देते. पाणी पडलं की फुगते, निचरा होत नाही, वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. त्यात तांबडी माती, जाड वाळू आणि शेणखत मिसळलं की मुळांना हवा मिळते. दारात कायम तीन ढीग असतात. पोरं लहान असताना त्यावर खेळायची, आता नातवंडं खेळतात.

आणि एक गोष्ट सांगते, जी बघून मी चकित झाले होते. माझ्या बहिणीकडे बेळगावात कॅम्पच्या बाजूला हायड्रेंजिया आहे, निळ्याशार फुलांचा. तिने मला त्याचीच काडी दिली. मी ती आमच्या मातीत, आंब्याच्या सावलीत, जिवापाड जपून वाढवली. फुलं आली ती गुलाबी! बहीण म्हणाली, काडी बदलली असेल. अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकलेला आमचा भाचा आला तेव्हा त्याने उलगडून सांगितलं. आम्लधर्मी तांबड्या मातीत ॲल्युमिनियम विरघळलेलं असतं, ते झाडाला मिळतं आणि फूल निळं होतं. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते झाडाला शोषता येत नाही, म्हणून गुलाबी. काडी एकच, फक्त माती बदलली. आता आम्ही दोघी बहिणी दर मोसमात एकमेकींना फोटो पाठवतो, तिचं निळं आणि माझं गुलाबी.

चाफेकळी

काय सुंदर लिहिलंय काळीमाती ताई! वाचतेय.

कुंडीवाला (अनगोळ)

काळीमाती ताईंनी मातीचा विषय काढलाच आहे, तर स्वयंपाकघरातल्या खतांबद्दल बोलतो, कारण बागवेड्या घरांत सगळ्यात जास्त भांडणं सिंकपाशी होतात. अंड्याचं कवच टाकू नका, केळ्याची साल टाकू नका, चहाचा चोथा वेगळा ठेवा, तांदळाचं धुवण त्या पातेल्यात, डाळीचं या पातेल्यात. आमच्या वहिनींनी तर सिंकखाली चार डबे ठेवलेत आणि नवीन कामवाल्या मावशींना पहिल्या दिवशी भांडी दाखवायच्या आधी हे डबे दाखवतात.

यात कामाचं काय आणि नुसती समजूत काय, ते मला कळलं तसं सांगतो. अंड्याचं कवच म्हणजे चुना. अख्खं टाकलं तर वर्ष गेलं तरी तसंच दिसतं. उन्हात वाळवून मिक्सरमध्ये पीठ करून घाला, आणि तेही तांबड्या आम्ल मातीत. अथणी-गोकाकच्या मातीत आधीच चुना भरलेला आहे, तिथे कवच घालून काही मिळत नाही. चहाचा चोथा साखर-दुधाचा असेल तर धुऊन, वाळवून मगच घाला, नाहीतर मुंग्या. केळ्याच्या सालीत पालाश (पोटॅशियम) भरपूर, फुलझाडांना चांगलं, पण साल वर पसरली की चिलटं होतात. बारीक चिरून कंपोस्टात जाऊ दे.

मुंग्यांवरून एक महत्त्वाचं. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की बागवेडा माणूस पानाची मागची बाजू उलटून बघतो. ही सवय सगळ्यांनी लावून घ्या. मुंग्या येतात त्या मावा आणि पिठ्या ढेकणाने सोडलेल्या गोड चिकट स्रावासाठी, आणि त्या बदल्यात त्या किडीची राखण करतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उचलूनसुद्धा नेतात. एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, नीट फेसून, संध्याकाळी पानांच्या मागून फवारायचं. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

शहापूरकर आजोबा

आमच्या लहानपणी कढीपत्त्याला ताक घालायचे. दर मंगळवारी पातळ ताक. माझी बायको अजून घालते. या सवयीला काही आधार आहे का?

काळीमाती (अथणी)

आजोबा, नमस्कार. आमच्याकडे तर हे घरोघर चालतं. भाच्याचं म्हणणं असं: चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ताक आंबट, म्हणून त्याने मुळाजवळची माती थोडी आम्ल होते. पण खरोखर पिवळेपणा आला असेल तर चिमूटभर हिराकस (लोहाचा क्षार) लिंबू पिळलेल्या पाण्यात विरघळवून पानांवर हलकं फवारलं की लवकर हिरवं होतं. ताक घालायचं तर बिनमिठाचं आणि भरपूर पातळ.

निपाणीची लेक

मला लिहायला उशीर झाला, पण आमच्या निपाणीच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली आजीची. आजी भोपळ्याची आणि दुधीची लग्नं लावायची. तिचाच शब्द, लग्नं. भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा ती चूल पेटवायच्या आधी वेलापाशी. नराचं फूल लांब दांडीचं, मादीच्या फुलाखाली बोटाएवढा भोपळा आधीच असतो. नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे सोलून, आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात हळुवार फिरवायची. एका नरात तीन माद्या. दुधीची पांढरी फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, म्हणून दुधीचा कार्यक्रम दिवेलागणीनंतर. घरात सगळे टीव्हीसमोर आणि आजी कंदील घेऊन मांडवाखाली. कुणी विचारलं, "आजी, काय करायलाय ओ अंधारात?" तर म्हणायची, "रातकिडे फिरकंनात औंदा, मग कोण करणार?" तिचं निरीक्षण किती बारीक होतं ते मी वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा कळलं. दुधीच्या फुलांवर येतात ते खरोखरच रात्रीचे पतंग.

पडवळाला ती दगड बांधायची. फळ वीतभर झालं की टोकाला सुतळीने लहान खडा, फळ वाढेल तसा मोठा. नाहीतर पडवळ वळून वेटोळं होतं. मांडवाखालून चालताना ते दगड आमच्या कपाळावर आपटायचे, पण काढायची कुणाची टाप नव्हती.

दुसरी आजोबांची. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, आजोबांचं आयुष्य वखारीत गेलं. खिशात तंबाखूची चंची कायम. पण परसातल्या टोमॅटोला आणि मिरचीला हात लावायच्या आधी ते साबणाने हात धुवायचे, नखांच्या आतून, नारळाच्या शेंडीने घासून. मजुरालाही धुवायला लावायचे. "तंबाखूचा हात मिरचीला चालत नाही," एवढंच सांगायचे. तंबाखूच्या पानावरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो आणि हाताने टोमॅटो-मिरचीवर जातो, पानं हिरवी-पिवळी चट्टेदार होऊन आकसतात. ज्यांच्या घरी कुणी तंबाखू मळतं किंवा बिडी ओढतं त्यांनी ही एक सवय आजपासून उचला. तंबाखूचं पाणी माव्यावर फवारायची पद्धतही आमच्याकडे होती. ती मात्र उचलू नका. निकोटीन कातडीतून अंगात जातं आणि मधमाश्याही मरतात.

मातीगंध (टिळकवाडी)

निपाणीची लेक, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. असतील तिथे पोचेल.

सीमेवरचा (वडगाव)

ब्रह्मकमळाबद्दल अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

आमच्या गल्लीत पावसाळ्यात एक रात्र अशी येतेच की दहा वाजता फोन यायला लागतात. "आमच्याकडे आज सात उमलणार आहेत, या." कळी दिवसभर खाली झुकलेली असते, संध्याकाळी मान वर करते, तेव्हा घरमालकाला कळतं की आज रात्रीच. मग तो माणूस सगळी कामं सोडतो. एका घरी त्याच रात्री मुलीला बघायला आलेली पाहुणेमंडळी होती. यजमानांनी पोहे-चहा झाल्यावर सगळ्यांना गच्चीवर नेलं आणि साडेअकरापर्यंत बसवून घेतलं. फुलापुढे निरांजन, उदबत्ती, आरती. खव्याचा कुंदा वाटतात. शेजारची कन्नड बोलणारी अक्का येते, पलीकडचे चाचा येतात, पोरं पेंगत असतात. सकाळपर्यंत फूल मान टाकतं.

हे झाड मुळात मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं निवडुंगाच्या कुळातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं, ते आपल्या हवेत येत नाही. पण आमच्या गल्लीने या झाडाला देवपण दिलं ते मनापासून दिलं, आणि त्या निमित्ताने गल्ली वर्षातून एकदा रात्री एकत्र बसते. पान म्हणून आपण जे लावतो तो खरा चपटा दांडा. तोडल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग लावा. लगेच लावलं तर कुजतं.

चाफेकळी

आमच्या हिंदवाडीतही अगदी असंच. माझ्या आत्याने तर दिंडीतून परत यायचा दिवस बदलला होता कळ्या बघून.

बरं, मला ऑर्किडचं विचारायचंय. चोर्ल्याच्या वाटेवर झाडांवर ती सुंदर लोंबणारी गुलाबी-पांढरी तुऱ्यांची आमरी दिसते. माझ्या ओळखीत दोघं-तिघं ती काढून आणून घरच्या आंब्यावर बांधतात. मलाही फार मोह होतोय. लागते का ती बेळगावात?

खानापूरचं रान

चाफेकळी ताई, ती सीतेची वेणी. वीतभर लांब तुरे, वळवाच्या पावसापासून मृगापर्यंत फुलतात. आमच्या बायका लग्नात केसात माळायच्या.

कृपा करून रानातून काढू नका. हे मी अगदी कळकळीने लिहितोय. ही आमरी झाडाचं रक्त पीत नाही, फक्त फांदीला धरून बसते, आणि तिची मुळं सालीवरच्या विशिष्ट बुरशीच्या साथीने जगतात. उपटताना मुळं तुटतात आणि घरी आणलेली बहुतेक रोपं वर्ष-दोन वर्षांत झिजून मरतात. बी धुळीइतकं बारीक, उगवायला तीच बुरशी लागते, त्यामुळे एक मोठं रोप गेलं की त्या झाडावर दुसरं व्हायला वर्षानुवर्षं जातात. शिवाय आपल्या तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून काडीसुद्धा उचलायची नाही. मी लहानपणी ज्या वाटेवर फांद्या-फांद्यांवर वेण्या पाहिल्या तिथे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हे वेड त्या वाटेने जाऊ देऊ नका.

चाफेकळी

समजलं दादा. मग रोपवाटिकेतलंच घेईन. पण आमच्या मामांच्या बेळगुंदीच्या मालकीच्या काजूत वाऱ्याने फांदी पडली आणि तिच्यावर ही असेल तर?

खानापूरचं रान

मालकीच्या शेतातली, आपोआप पडलेली असेल तर ती जमिनीवर कुजण्यापेक्षा वाचवणं चांगलंच. पण तिला शहरात नेऊ नका. त्याच बागेतल्या उभ्या झाडावर, तेवढ्याच उंचीवर, तशाच उजेडात काथ्याने बांधा. साल खरबरीत असलेलं झाड निवडा. फांदीचा तुकडा तसाच राहू दे, मुळं सोडवत बसू नका. पहिल्या पावसातच बांधलं तर मुळं नव्या सालीला धरतात. मामांना सांगा, दरवर्षी तिथेच बघायला जा.

शहापूरकर आजोबा

रान दादा, फार चांगलं सांगितलंत. आमच्या पिढीने हे कुणाकडून ऐकलं नव्हतं.

मी जुन्या तऱ्हा लिहितो. ग्रहणात माझी आई परसातल्या न धरणाऱ्या फणसाला मुसळाने ठोकायची आणि विचारायची, "देतोस का नाही?" दुसऱ्या कुणीतरी झाडाच्या वतीने "देतो, देतो" म्हणायचं असायचं. ते काम माझं. पपईला जुनी चप्पल टांगायची, नजर लागू नये म्हणून. भोपळ्याच्या, दोडक्याच्या बिया राखेत घोळून शेणाच्या गोळ्यात दाबायच्या आणि तो गोळा गोठ्याच्या भिंतीला थापायचा. पुढच्या मृगाला फोडून लावायच्या. किडा लागत नसे. आता गोठा नाही. मी बिया लग्नपत्रिकांच्या पाकिटांत ठेवतो. पाकिटावर बियाचं नाव, कुणाकडून आलं त्यांचं नाव आणि साल लिहितो. मुलगा म्हणतो ही पाकिटं टाकून द्या. त्यात येळ्ळूरच्या माझ्या मित्राने दिलेला पावटा आहे. मित्र गेला, पावटा दरवर्षी येतो. कसा टाकू?

गच्चीवरची (शहापूर)

आजोबा, त्या पावट्याच्या चार बिया मला द्या. आपण एकाच गावात राहतो. मी घ्यायला येते.

कुंडीवाला (अनगोळ)

मलाही. एका घरातलं बी चार घरांत गेलं की ते जात नाही.

पपईच्या चपलेबद्दल: न धरणारी पपई बऱ्याचदा नर असते. लांब लोंबणाऱ्या दांड्यांवर फुलांचे झुपके असतील तर ती नर, देशी वाणात निम्मी रोपं तशी निघतात. म्हणून एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावून फूल दिसल्यावर मादी ठेवायची, आणि परागासाठी बागेत एखादा नर.

सीमेवरचा (वडगाव)

उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल कुणीतरी लिहा हो. आमच्या घरी एप्रिल-मेमध्ये बाबा पेपर उघडला की पहिल्यांदा राकसकोप धरणातल्या पाण्याची पातळी बघतात. त्यावर घरातलं आंघोळीचं पाणी ठरतं. झाडांचं ठरलेलं असतं, ते कमी होत नाही. कपडे धुतलेलं शेवटचं खळबळलेलं पाणी केळीला आणि अळूला, तांदळाचं धुवण तुळशीला, पिण्याच्या पेल्यात उरलेलं पाणी जिथे बसलो असू त्याच्या जवळच्या कुंडीला. आमच्याकडे उरलेलं पाणी मोरीत ओतलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही.

आणि चौघांनी मिळून कुठे गावाला जाणं? शक्यच नाही. गेल्या वर्षी मावसभावाच्या लग्नाला पुण्याला गेलो तेव्हा आई मागे राहिली. गुलाबांसाठी!

गच्चीवरची (शहापूर)

सीमेवरचा, आईंना माझ्याकडून हे द्या: जुन्या सुती साडीच्या लांब चिंध्या पिळून दोऱ्या करायच्या. एक टोक पाण्याच्या बादलीत तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत चार बोटं खोल. बादली कुंडीपेक्षा उंचावर. वात पाणी ओढून माती ओली ठेवते. कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवायच्या आणि वर वाळलेल्या पानांचा जाड थर. पण निघायच्या आधी घरी असतानाच करून बघा, कुठली वात किती ओढते ते कळतं. मग पुढच्या लग्नाला आई येतील.

निपाणीची लेक

नर्सरीत गेल्यावरच्या तऱ्हांबद्दल एवढंच सांगते: आमच्या काकूंना नर्सरीतले अण्णा लांबून बघूनच "अक्का, मल्लिगे बंदैती" (अक्का, मोगरा आलाय) म्हणून हाक मारतात. काकूंना कन्नड वाचता येत नाही, पण झाडांचं कन्नड त्यांना सगळं येतं.

गच्चीवरची (शहापूर)

जाता जाता खानापूरच्या मंडळींना एक प्रश्न. करटुली (ती पावसाळी रानभाजी) गच्चीवर ड्रममध्ये येतील का? बाजारात दोन आठवडे दिसतात आणि संपतात. मी बिया लावल्या होत्या, वेल आला, फुलं आली, फळ एकही नाही.

खानापूरचं रान

येतील. तुमचा वेल नर असणार. करटुल्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बियांपासून लावलं तर फूल येईपर्यंत काही कळत नाही. म्हणून आमच्याकडे कंद लावतात. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, पण तो जवळ हवा. गच्चीवर दोन माद्या आणि एक नर ठेवा. ड्रम खोल असू दे, तळाला भोकं आणि वर विटांचे तुकडे, माती तांबडी. दसऱ्यानंतर वेल सुकतो, तेव्हा मेला समजून ड्रम रिकामा करू नका, कंद आत झोपलेला असतो. हिवाळाभर पाणी अजिबात नको, नाहीतर कुजतो. वळीव पडला की आपोआप कोंब येतो. मादीच्या फुलाखाली बारीक काटेरी गाठ दिसते, नराच्या फुलाखाली नुसता देठ.

मातीगंध (टिळकवाडी)

गच्चीवरची, माझ्या माहेरी बांधावर करटुल्याचे कंद आहेत. शनिवारी आई बेळगावला येतेय, तिला तीन आणायला सांगितलेत. नराच्या कंदाला लाल दोरा आणि माद्यांना पांढरा, हे तिचं ठरलेलं आहे. लावताना दोरे सोडू नका, काडीला बांधून ड्रमातच खोचा. आणि शहापूरकर आजोबांकडे पावटा घ्यायला जाल तेव्हा मलाही बोलवा.

शहापूरकर आजोबा

रविवारी सकाळी या सगळ्यांनी. पावटा, दोडका आणि लाल माठ, तिन्हींची पाकिटं काढून ठेवतो. येताना रिकामी पाकिटं आणि पेन आणा, नावं तुमच्या हातानेच लिहायची.